घडी

चादरीची घडी एकट्यानंही घालता येते. मधला भाग हनुवटीखाली धरायचा, हात जातील तेवढे लांब करायचे आणि टोकं कशीबशी जुळवायची. शहरात मी इतकी वर्षं तशीच घालते. पण वेंगुर्ल्याच्या माझ्या आत्याला ही हनुवटीची घडी अजिबात खपत नसे. मे महिन्याच्या सुट्टीत उन्हं कलली की ती मागल्या दारी येऊन हाक मारायची, आणि आम्हा पोरांपैकी जे हाताला लागेल त्याला चादरीचं दुसरं टोक धरावं लागायचं. दोघांनी दोन-दोन कोपरे धरायचे, मागे सरकून चादर ताठ करायची आणि एक झटका द्यायचा. फट्ट आवाज व्हायचा, वाळूचे चार कण उडायचे. मग एक उभी घडी, परत एक उभी घडी, आणि मग चालायचं. चालायचं ते पोरानं. आत्या जागची हलत नसे. आपली टोकं नेऊन तिच्या हातात द्यायची, खाली लोंबणारी नवी कड उचलायची, मागे जायचं, ताणायचं, पुन्हा यायचं. दर फेरीला अंतर निम्मं. शेवटी आत्याच्या पोटाशी एक चौकोनी गठ्ठा, आणि माझ्या नाकात उन्हाचा, साबणाचा नि तिच्या हातांना लागलेल्या आमसुलांचा वास.

हे येणंजाणं मला आठवलं ते भलत्याच ठिकाणी. बुखारेस्टच्या गारा दे नोर्द या मोठ्या रेल्वे स्थानकावर. कामासाठी गेले होते आणि मधल्या सुट्टीला ब्राशोव्ह बघून यावं म्हणून गाडी शोधत होते. फलकांवर दोन शब्द होते, 'सोसिर्' आणि 'प्लेकर्'. खाली इंग्रजी होतं म्हणून निभावलं: सोसिर् म्हणजे येणाऱ्या गाड्या, प्लेकर् म्हणजे सुटणाऱ्या. पण या दुसऱ्या शब्दाशी माझी नजर अडखळली. त्याआधी दोन वर्षं पुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी स्पॅनिश शिकले होते आणि आमच्या बाईंना शब्दांची कुळं सांगायची खोड होती. 'येगार', म्हणजे पोचणे, हे क्रियापद शिकवताना त्यांनी फळ्यावर त्याचं लॅटिन मूळ लिहिलं होतं, 'प्लिकारे', आणि पुढे अर्थ: घडी घालणे. त्या वर्गातलं निम्मं मी विसरले. हे कसं विसरणार? तिथल्या तिथे आत्याची चादर डोळ्यांपुढे आली होती. आता बुखारेस्टला तोच चेहरा ओळखीचा वाटत होता, पण अर्थ उलटा सांगत होता. माद्रिदला ज्या शब्दाखाली गाड्या येतात, त्याच्याच भावंडाखालून इथे त्या निघत होत्या. तेव्हा नुसता संशय आला. घरी येऊन कोश उघडले तर संशय खरा निघाला.

लॅटिन युरोपभर गेली ती शिपाई, व्यापारी, वसाहत करणारे यांच्या तोंडून, आणि ठिकठिकाणच्या जिभांनी तिला आपापली वळणं दिली. शब्दाच्या सुरुवातीचा 'प्ल' ही अशीच एक जागा. फ्रेंचांनी आणि रोमेनियन लोकांनी तो तसाच ठेवला. इटालियन जिभेनं त्याचा 'प्य' केला. स्पॅनिशमध्ये 'प' गळून एक ओलसर 'ल्य' उरला, जो आता बहुतेकांच्या तोंडी नुसता 'य' आहे. पोर्तुगीज मात्र थेट 'च'वर जाऊन बसले. पाऊसच घ्या. लॅटिनमध्ये प्लुविया, रोमेनियनमध्ये प्लोआये, फ्रेंचमध्ये प्लुई, इटालियनमध्ये प्योज्जा, स्पॅनिशमध्ये यूव्हिया, पोर्तुगीजमध्ये चूव्हा. प्लिकारेचंही तेच: प्लेका, प्लिए, प्येगारे, येगार, चेगार.

आजचा लिस्बनकर हा 'च' म्हणत नाही, 'श' म्हणतो, शूव्हा, शेगार. जुना च उत्तरेकडच्या डोंगराळ भागात कुठेकुठे टिकून आहे. आणि आपल्याकडे. लॅटिन 'क्ल'ही पोर्तुगालात याच वाटेनं गेला, त्यामुळे 'क्लाविस'चं झालं 'चाव्ह', आणि सोळाव्या शतकात तो शब्द गलबतातून गोव्यात उतरला तो आपली चावी होऊन राहिला. त्याच्या देशात उच्चार बदलला, आपण नाही बदलला. लिस्बनच्या माणसाच्या खापरपणजोबाचा च माझ्या आत्याच्या कमरेला जुडग्यात लटकत होता, आणि तिला त्याचं काही नव्हतं. असे पोर्तुगीज शब्द आशियाच्या भाषांतून वेचून काढायचं काम आसगावच्या मोन्सेन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दालगादो यांनी केलं. त्यांचा ग्रंथ १९१३ साली आला. बिजागरी त्यातलीच, पगारही त्यातलाच. पगाराचं लॅटिन मूळ 'पाकारे', म्हणजे शांत करणे. दर महिन्याच्या एक तारखेला घरोघरी काय होतं याची रोमनांना चांगली कल्पना असावी.

पण घडी घालण्याचं पोचणं कसं झालं? बाईंनी सांगितली ती शिडांची गोष्ट. गलबत बंदरात शिरलं की खलाशी शिडं उतरवतात, त्यांची घडी घालतात. घडी पडली म्हणजे पोचलो. मला ही गोष्ट बिनशर्त पटली, कारण अशी एक घडी मी पाहिलेली होती. आत्याच्या शेजारच्या घरात, माळ्यावर. पाऊस यायच्या आधी होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारल्या की शीड घरात यायचं आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिथंच पडून असायचं. लपाछपीत आम्ही त्यावर जाऊन बसायचो. जाडंभरडं, गोण्यांच्या थप्पीसारखं, आणि त्याला दोरखंडाचा नि माशाच्या तेलाचा असा वास की लपलेला पोर शिंकून सापडायचाच. ते शीड पोचलेलं होतं की निघायच्या तयारीत होतं, हा प्रश्न तेव्हा पडला नाही.

कोशकार या शिडांच्या गोष्टीला नाही म्हणत नाहीत, पण बोट थोडं बाजूला दाखवतात. लॅटिनमध्ये प्लिकारेला 'आद्', म्हणजे 'कडे', हा उपसर्ग लागून 'आप्लिकारे' होतं: एक वस्तू दुसरीशी भिडवणे. जहाज किनाऱ्याशी आणणं यालाही रोमन लोक हेच म्हणत. पुढे बोलण्यात उपसर्ग झिजला आणि नुसतं प्लिकारे जवळ येण्याचं काम करू लागलं. हे वाचताना मला हसू आलं, कारण मराठीत याला एक साधा शब्द तयार आहे: लावणे. मलम लावायचं, मन लावायचं, होडी धक्क्याला लावायची. इंग्रजीतला 'अप्लाय' याच आप्लिकारेचा वंशज, आणि शाळेत आम्हाला त्याचे अर्थ वेगवेगळे पाठ करायला लावले होते. कुणी नुसतं 'लावणे' म्हटलं असतं तर नोकरीचा अर्ज सोडून सगळं एका झटक्यात आलं असतं. आणि लावण्याचं लागणं झालं की गाडी फलाटाला लागते. पुढे घाटात तीच गाडी माणसाला लागते, पण तो विषय निराळा.

प्लिकारे कोरड्या जमिनीवर कधी उतरलं याचा एक साक्षीदार आहे, आणि ती बाई आहे. एगेरिया तिचं नाव. ३८१ ते ३८४ या वर्षांत ती पश्चिमेकडून, बहुधा आजच्या स्पेनच्या वायव्य कोपऱ्याकडून, जेरुसलेम, इजिप्त, सिनाई अशी यात्रा करत गेली आणि घरी राहिलेल्या आपल्या भगिनींना सविस्तर पत्र लिहिलं. त्याची अकराव्या शतकातली एक नक्कल १८८४ साली इटलीतल्या आरेत्सो गावी जान फ्रांचेस्को गामुर्रिनी यांना मिळाली. पहिली पानं गेलेली, शेवटची गेलेली. मजकूर वाक्याच्या मध्यापासून सुरू होतो. म्हणजे ती निघाली कधी आणि घरी पोचली का, दोन्ही त्या वहीत नाही. मध्ये मात्र सगळं आहे. तिची लॅटिन व्याकरणाच्या पंडितांना न रुचणारी, बोलण्यातली. आपली आजी पत्र लिहील तशी. सिनाईचा डोंगर ती पायी चढली, कारण वाहन चढेना. आणि एखाद्या ठिकाणाजवळ येऊन ठेपणं सांगायचं असलं की ती लिहिते, प्लिकारे. ना शीड, ना धक्का. धुळीनं माखलेली एक बाई एका गावाजवळ येते, आणि त्याला घडी घालण्याचं क्रियापद. स्पॅनिशमधल्या येगारचं हे पाऊल तिच्या वाळूत मला स्पष्ट दिसतं.

आता रोमेनियाचं निघणं. तिथली लोकप्रिय गोष्ट तंबूंची आहे. त्राजान बादशहानं दोन युद्धं करून १०६ साली दाकिया जिंकला आणि तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात, ऑरेलियनच्या काळात, रोमन फौजा दन्यूबच्या अलीकडे परतल्या. फौजेच्या बोलीत तंबूंची घडी घातली म्हणजे कूच. समुद्राकडच्यांना घडी म्हणजे मुक्काम आला, छावणीतल्यांना घडी म्हणजे मुक्काम उठला. आपल्याला हे समजावून सांगायची गरजच नाही. आपण 'गाशा गुंडाळला' म्हणतो. रोमन तंबू चामड्याचा, आठ शिपायांना मिळून एक, खेचरावर लादलेला. त्याला शिपाई 'पापिलियो' म्हणत, म्हणजे फुलपाखरू. दोन्ही पाखं उभारली की तसा दिसत असणार. हाच पापिलियो फ्रेंचमधून इंग्रजीत जाऊन पॅव्हेलियन झाला. आपले क्रिकेटचे वार्ताहर बाद झालेला फलंदाज 'तंबूत परतला' असं लिहितात, तेव्हा ते नकळत किती अचूक लॅटिन लिहीत असतात!

गोष्ट इतकी गोंडस आहे की तिच्यावर थोडा अविश्वास दाखवणं भाग आहे. रोमेनियनमध्ये या क्रियापदाचा वाकणे, झुकणे असाही अर्थ आहे, आणि तो जुना. वाकलेलं डोकं तलवार कापत नाही, अशी तिथली म्हण आहे आणि तिच्यात 'वाकलेलं' म्हणजे 'प्लेकात'. बाहेरून येणाऱ्या फौजांखाली शतकानुशतकं काढलेल्या माणसांची म्हण. तुकोबांचं लव्हाळं तिला ओळख दाखवील. मग असंही असू शकेल की दुमडण्याचं वाकणं झालं, वाकण्याचं एका दिशेला कलणं, आणि कलण्याचं निघणं. जिकडे कल तिकडे पाय. भाषेचे अभ्यासक या वाटेकडेही बोट दाखवतात. मला तंबू जास्त आवडतात, पण माझ्या आवडीला इथे कोण विचारतो? स्वतःचं क्रियापद असं निघून गेल्यावर रोमेनियनला पोचण्यासाठी दुसरी सोय बघावी लागली. सोसिर् मधला 'सोसि' ग्रीकांकडून आणलेला. गारा दे नोर्दच्या फलकावर म्हणजे घरचा शब्द बाहेर जातो आणि पाहुणा शब्द आत येतो.

या दोन टोकांच्या मध्ये कातालान लोक आहेत, बार्सिलोनाकडचे. त्यांच्याकडे 'प्लेगा' म्हणजे घडी घालणे आणि शिवाय दिवसाचं काम थांबवणे. किती वाजता घडी घालतोस, असं तिथे विचारलं की उत्तर येतं, सहाला. ऑफिस सुटण्याला इतका नीटनेटका शब्द माझ्या पाहण्यात दुसरा नाही. आपल्याकडे या वेळेची भाषा वेगळीच. आपण दुकान बंद करत नाही, वाढवतो. बंद, विझणे, फुटणे, जाणे हे शब्द घरात उच्चारायचे नाहीत, नाहीतर ते खरे होतील. बांगडी फुटत नाही, वाढवते. आणि माणूस जात नाही, येतो. आत्याकडून निघताना मी एकदा सहज 'जाते' म्हणाले, तर तिनं मला पायरीवरून परत आत बोलावलं. "जातंय म्हणाचा नाय गो बाय. येतंय म्हणाचा." मी येतंय म्हणाले, मगच बाहेर पडायला मिळालं. एका क्रियापदानं दोन उलट अर्थ कसे पेलले याचं पंडितांना कोडं पडतं, तेव्हा मला वाटतं, यांना कुणीतरी वेंगुर्ल्याच्या एसटी स्टँडवर उभं करावं. प्रत्येक सुटणाऱ्या गाडीच्या खिडकीतून लोक 'येतो, येतो' ओरडत असतात.

पोचण्याचा शेवट कुठे होतो याचंही एक उत्तर पोर्तुगीजमध्ये आहे. नुसतं 'शेगा' म्हटलं की पुरे, बस्स. पाणी ओतताना म्हणतात, पोराला रागावताना म्हणतात. पूर्व तिमोरच्या सत्य आयोगानं इंडोनेशियाच्या ताब्यातल्या वर्षांचा आपला अहवाल २००५ साली दिला तेव्हा त्याचं नाव हा एवढाच शब्द ठेवला, उद्गारचिन्हासह. गंमत म्हणजे रोमेनियन माणूसही पुरे म्हणताना पोचण्याचंच क्रियापद वापरतो, फक्त त्याचं दुसरं, 'अझुंजे', जोडणीच्या मुळापासून आलेलं. दोन्हीकडे हिशेब एकच: माप काठापर्यंत पोचलं. आपल्याकडेही 'पावलं' म्हणजे मिळालं आणि 'देवा, पावलं' म्हणजे आता नको.

इटालियन लोकांनी प्लिकारेकडून सरळ घडीच घेतली, पण तिच्यामागे एक 'स' लावून ती उलटी केली: 'स्प्येगारे', उलगडणे. समजावून सांगणे यालाही तेच. शीड पसरायचं तेही स्प्येगारे, गणित समजावायचं तेही. मराठी उलगडणं यापेक्षा एक धागाही वेगळं नाही. साडी उलगडते, अर्थ उलगडतो, आणि कधी न होणारा उलगडा तर आपल्या बातम्यांत रोज असतो. मध्ययुगातले लॅटिन लेखनिक हस्तलिखिताच्या शेवटी 'एक्सप्लिकित' लिहीत, म्हणजे गुंडाळी उलगडून झाली, ग्रंथ संपला. आपल्या पोथ्या संपल्या की उलट बासनात गुंडाळल्या जातात. कागदपत्रं तर संपायच्या आधीच.

मराठीत घडी हा शब्द मी नंतर उगाचच न्याहाळत बसले. संसाराची घडी बसते, विस्कटते, परत बसवावी लागते. घडीभर बस, असं म्हणतो ती घडी घटिकेची, चोवीस मिनिटांची, पण बोलताना दोघी एकाच कपाटात असतात. आणि नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. नेसायला घेतली असं म्हणत नाही, घडी मोडली म्हणतो. कुणाच्या तरी मंगलकार्याला मोडायची म्हणून आत्याची एक हिरवी साडी कितीतरी वर्षं तशीच होती. उभ्या रेघांवर रंग उडाला, तरी घडी शाबूत.

मागच्या मे महिन्यात तिच्याकडे गेले होते. वय त्र्याऐंशी, कानानं कमी, बाकी कडक. संध्याकाळी मागल्या दारी चादरी काढायला घेतल्या. तिनं दोन कोपरे धरले, मी दोन. झटका दिला तो माझ्या बाजूनंच, तिच्या बाजूला नुसती लहर गेली. टोकं देताना तिच्या बोटांत कोपरा ठरेना, म्हणून मी तिची बोटं त्यावर मिटवली आणि मागे गेले. पूर्वी या अंगणात मागे जायला बरीच पावलं लागायची. आता चार पावलांत माड आला.

दुसऱ्या दिवशी गाडी स्टँडला लागली तेव्हा भाऊ पिशव्या चढवत होता. आत्या पायरीपर्यंतच आली होती. मी येतंय म्हणाले. ती म्हणाली, "पोचलंस काय फोन कर." घरी येऊन फोन केला, मग पिशवी रिकामी केली. तळाशी आमसुलं, कोकमाचं आगळ, आणि त्यांच्याखाली ती आदल्या संध्याकाळची चादर. एक कोपरा थोडा बाहेर आलेला, तिच्या बाजूचा.

ती घडी मी अजून मोडलेली नाही.